फलाटावरच्या झोपेची वेळ

माणूस खोटं बोलेल, पण फाइल कधी खोटं बोलणार नाही, हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्या लोकांना ऐकवलंय की आमच्या गल्लीतला दूधवाला मला दारात उभं बघितलं की लिटरभर दूध शेजारच्यांकडे ठेवून निघून जातो.

मी, आनंदराज, नांदेडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. पण कारकुनी हे माझं फक्त पोट. मन माझं तपासात. संगणकातले गुन्हे कसे शोधायचे याचा ऑनलाइन कोर्स मी घरबसल्या पूर्ण केला, आणि तेव्हापासून मला प्रत्येक फाइलच्या डोळ्यांत बघायची सवय लागली. लोकांना माहीत नसतं, पण प्रत्येक फाइल आपल्याबरोबर तीन वेळांची नोंद घेऊन फिरते. जन्माला कधी आली, शेवटचा बदल कधी झाला आणि कुणी शेवटचं उघडून कधी बघितलं. या वेळांवरून मोठमोठे चोर आत जातात. एखादी तारीख नुसती समोर ठेवायची आणि समोरच्याचा घसा कोरडा पडताना बघायचं, असं स्वप्न मी कॉलेजच्या हजेरीपटावर मान टेकून कितीतरी दुपारी पाहिलंय.

माझी बायको लुंबिनी शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी झोपलेल्या माणसांचे फोटो काढते. हे ऐकायला विचित्र वाटेल, मलाही लग्नानंतर वाटलं होतं. पण तिचे फोटो बघितले की आवाज आपोआप खाली येतो. अहमदपूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यांवर पसरलेला हमाल. लातूरच्या बसमध्ये अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं टाकून गेलेला पोलीस, आणि त्याला उठवू नये म्हणून ताठ बसलेली ती बाई. कॅमेरा जुना, कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेला. ती म्हणते, जाग्या माणसाचा चेहरा त्याला लोकांसाठी सांभाळावा लागतो, झोपलेल्याचा तेवढा त्याचा स्वतःचा असतो. असं काहीतरी बोलून ती खिडकीतून बघत राहते आणि भाजी लागते.

यंदा तिचा एक फोटो आमच्या इथल्या छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात निवडला गेला. मुदखेडच्या फलाटावर बाकावर एक म्हातारी झोपलीय. डोक्याखाली गाठोडं, बाकाखाली कुत्रं, तेही झोपलेलं. सकाळचं तिरपं ऊन तिच्या तळपायांवर आलंय आणि पदराचं टोक वाऱ्यानं थोडं उचललंय. बस एवढंच. पण त्या फोटोसमोर उभं राहिलं की आपणही हळूच जोडे काढावेत असं वाटतं. लुंबिनीचा हा भिंतीवर लागणारा पहिला फोटो. ती आठवडाभर घरात तरंगत होती.

प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मंडळाच्या अध्यक्ष दामिनीताईंचा फोन आला. दामिनीताई फोटो स्टुडिओ चालवतात आणि माणसांशी बोलतानाही 'हनुवटी वर' म्हणाल्यासारख्या बोलतात. त्यांनी सांगितलं की तोच फोटो आणखी एकाने पाठवलाय. उदगीरचे गुरुबसप्पा म्हणून कुणी निवृत्त चित्रकलेचे गुरुजी आहेत. दोघांपैकी एकाने दुसऱ्याचा उचललाय, तेव्हा या आणि काय ते सांगा.

लुंबिनीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. आणि मी, खरं सांगतो, आतून फुललो. इतक्या वर्षांत बायकोसाठी करण्याजोगं काही माझ्या हाताला लागलं नव्हतं, ते हे आलं. मी तिला म्हणालो, तू काळजी करू नकोस, एक शब्दही बोलू नकोस, मी बोलतो. ती खरंच एक शब्दही बोलली नाही. हीच चूक झाली.

हॉलमध्ये भिंतीवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी टांगले होते आणि खरोखरच जुळे दिसत होते. गुरुबसप्पा गुरुजी पांढरा नेहरू शर्ट घालून खुर्चीच्या टोकावर बसले होते. सत्तरीचे असतील. लेकाने दुबईहून पाठवलेला मोठा फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, पूजेचं ताट धरावं तसा. त्यांना बघून माझ्या मनात आलं, गुन्हेगार असाच साधा दिसतो.

मी लॅपटॉप उघडला, घसा साफ केला आणि दामिनीताईंना फाइलच्या तिन्ही वेळा समजावून सांगितल्या. मग लुंबिनीच्या फोटोची माहिती पडद्यावर काढली. जन्म, यंदाचा जून. शेवटचा बदल, एक जानेवारी दोन हजार आठ.

दामिनीताईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे ही फाइल आधी बदलली आणि सोळा-सतरा वर्षांनी जन्माला आली?"

मी शांतपणे हसलो, कारण हा प्रश्न कोर्समध्ये होता. कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर फोटो उतरवला की संगणक उतरवल्याच्या दिवसालाच तिचा जन्म समजतो. बदलाची तारीख मात्र जुनी तशीच सोबत येते. म्हणजे पोर दत्तक आलं की नव्या घरात बारसं पुन्हा करायचं, तसंच. हे त्यांना पटलं. मग ते दोन हजार आठ काय, असं त्यांनी विचारलं. ते मला ठाऊक नव्हतं. मी लुंबिनीकडे बघितलं. तिने, मी सांगितल्याप्रमाणे, तोंड बंद ठेवलं होतं.

वेळ मारून न्यायला मी फोटो उघडला. तो पडद्यावर आडवा उघडला, म्हातारी भिंतीला चिकटल्यासारखी उभी. आडवा फोटो बघितला की सरळ करायचा, ही माझ्या हाताची जन्माची सवय. मी तो फिरवला, आणि संगणकाने नम्रपणे विचारलं की बदल जतन करू का. मी हो म्हणालो.

मूळ फाइलला हात लावायचा नाही, आधी तिची प्रत काढायची आणि प्रतीवरच काम करायचं, हा त्या कोर्सचा पहिला धडा. पहिल्या धड्याला आमच्याकडे वीज गेली होती.

मी पुन्हा माहितीचा चौकोन उघडला तेव्हा शेवटच्या बदलाच्या पुढे आजची तारीख होती आणि आत्ताची वेळ. आधीपासून भिंतीवर टांगलेला फोटो सर्वांच्या देखत तयार झाला होता. दामिनीताईंनी एकदा पडद्याकडे, एकदा भिंतीकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

मी घाईने म्हणालो की थांबा, फोटोच्या पोटात आणखी एक वेळ असते, कॅमेऱ्याने स्वतः लिहिलेली, ती कुणाच्या बापालाही बदलता येत नाही. ती उघडली. फोटो काढल्याची तारीख, एक जानेवारी दोन हजार आठ. त्याच्याच खाली कॅमेऱ्याचं नाव होतं. दामिनीताईंचा जन्म कॅमेऱ्यांत गेलेला. त्यांनी थंडपणे सांगितलं की हा कॅमेरा त्या सालानंतर खूप दिवसांनी बाजारात आला. शिवाय लुंबिनी तेव्हा शाळेत दप्तर घेऊन जात असेल. म्हणजे माझ्याच पुराव्यावरून असं सिद्ध झालं की माझ्या बायकोने तारखेत खाडाखोड केलीय, तीही धड नाही.

तेव्हा पहिल्यांदा लुंबिनी बोलली. हळू आवाजात म्हणाली की त्या कॅमेऱ्याच्या आतलं घड्याळ मेलेलं आहे, सेल काढला की तारीख पुन्हा पहिल्या दिवसावर जाते, तिने ती कधीच लावली नाही. का नाही लावली, तर फोटो काढताना किती वाजले हे तिला कधी बघावंसंच वाटलं नाही. मूळ कार्डही कधीच पुसून पुन्हा वापरलं होतं. सगळं खरं होतं आणि आता एकही अक्षर खरं वाटत नव्हतं.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी गुरुजींचा फोन मागितला.

त्यांच्या फोटोची तारीख व्यवस्थित होती. यंदाच्या मार्चमधला रविवार. फक्त वेळ पहाटे पावणेसहाची. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. मी फोटोतल्या म्हातारीच्या तळपायांवर बोट ठेवलं. मार्चमध्ये पावणेसहाला आपल्याकडे कोंबडासुद्धा नीट उठलेला नसतो, मग हे ऊन कुठून आलं? मी मागे सरून उभा राहिलो. माझं स्वप्न असंच होतं, समोरच्याचा घसा कोरडा पडताना बघायचं.

गुरुजींचा घसा कोरडा पडला. ते म्हणाले, "तम्मा, ह्या फोनात दीड तास मिळवावं लागतंय. दुबईचं टाइम हाय त्यात. मला बदलाया येत न्हाई, मी मनातच मिळवतो."

ते जे म्हणाले ते तंतोतंत खरं होतं. दुबई आपल्यामागे दीड तास. पावणेसहात दीड तास मिळवला की सव्वासात, आणि सव्वासातला ऊन असतंच. मला ते तिथेच कळलं. पण दामिनीताईंचं एव्हाना डोकं उठलं होतं. त्यांनी सांगितलं की एकाची तारीख मेलेली, दुसऱ्याची वेळ परदेशात, आणि तुमच्या शास्त्रानुसार हा फोटो दोघांपैकी कुणीच काढलेला नाही. त्यांनी दोन्ही फोटो उतरवून आमच्या हातात दिले. भिंतीवर दोन खिळे राहिले. गुरुजी त्या खिळ्यांकडे बघत बसले होते. पुढे कळलं, आयुष्यभर त्यांनी पोरांची चित्रं शाळेच्या भिंतींवर लावली, त्यांचं स्वतःचं असं पहिल्यांदाच लागलं होतं.

या सगळ्यात उदगीरची बस गेली. आता त्यांना सोडायचं कुठे? लुंबिनीने माझ्याकडे न बघता त्यांना घरी यायला सांगितलं. रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो.

घरी जेवताना त्या दोघांनी मला वगळून जगातल्या सगळ्या विषयांवर गप्पा मारल्या. पळसावर, किनवटच्या जंगलावर, भाकरी पातळ थापण्यावर. लुंबिनीचं माहेर किनवट, आणि गुरुजी वसंतात दर रविवारी पळस बघायला तिकडेच जायचे. आदल्या दिवशी नांदेडला भाच्याकडे मुक्काम, भाचा तेव्हा इथेच होता, आता बदली होऊन गेलाय, आणि सकाळची आदिलाबादकडची गाडी. लुंबिनीही माहेरी त्याच गाडीने जाते. हे बोलता बोलता दोघंही घास हातात धरून थांबली.

मग लॅपटॉप ताटांच्या मधोमध आला. मला हात लावायची बंदी होती. दोघांनी आपापले न कापलेले मूळ फोटो शेजारी ठेवून बघितले. तिच्या फोटोच्या कडेला एक काळी उभी रेघ होती, त्यांच्याही होती. रेल्वेच्या खिडकीचा गज. भिंतीवर लावताना दोघांनीही तो कापून टाकला होता. तिच्या फोटोत कुत्र्याचा कान उभा होता, त्यांच्या फोटोत पडलेला. म्हणजे फोटो दोन होते, माणसं दोन होती, खिडक्या दोन होत्या, आणि गाडी एकच. एकाच डब्यात, मागच्यापुढच्या खिडक्यांत बसून दोघांनी एकाच झोपेकडे बघितलं होतं. गुरुजी हसायला लागले तसं त्यांना पाणी द्यावं लागलं. लुंबिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं की मग तपास पूर्ण झाला म्हणायचा का. लुंबिनीने गुरुजींना आणखी एक भाकरी वाढली.

दामिनीताईंना कान आणि गज पटवायला एखादा साक्षीदार हवा, असं दोघांचं ठरलं. साक्षीदार एकच होता आणि तो झोपलेला होता. दुसरा दिवस रविवारच. आम्ही तिघं सकाळच्या त्याच गाडीच्या आधीच्या पॅसेंजरने मुदखेडला उतरलो.

फलाटावर हलकं धुकं होतं. रूळ ओले, लांब कुठेतरी इंजिन नुसतं गुणगुणत होतं, आणि माणसं शालींतून वाफ सोडत उभी होती. अशा सकाळी माणूस जागा असला तरी पूर्ण जागा नसतो. आम्ही प्रत्येक बाकावरचा झोपलेला चेहरा वाकून बघत चाललो होतो, आणि दोन-तीन जणांनी आम्हाला चोर समजून चपला पोटाशी घेतल्या. म्हातारी कुठेच नव्हती. शेवटी चहावाल्या व्यंकटला फोटो दाखवला. त्याने किटली न ठेवता हनुवटीने दाखवलं.

"ही भामाबाई हाय. ती बगा की, खांबापाशी उभी."

आम्ही झोपलेली बाई शोधत होतो. ती अख्ख्या फलाटावर सगळ्यात जागी होती. खांबाला हात लावून ताठ उभी, गाठोडं काखेत, डोळे रुळांवर. बाजूला बाक रिकामा होता. लुंबिनीने जवळ जाऊन जयभीम केला, नाव सांगितलं, माहेर सांगितलं, आणि दोन्ही फोटो तिच्या हातात दिले.

भामाबाईंनी ते खूप वेळ बघितले. आधी कुत्र्यावर बोट फिरवलं, मग स्वतःच्या पायांवर. फोटो चांगले आलेत असं म्हणाल्या. मग विचारलं की हे कुठून काढले. लुंबिनी उत्साहाने सांगायला लागली की खिडकीतून, सकाळच्या गाडीतून, आम्ही दोघंही त्याच गाडीत होतो आणि आम्हाला एकमेकांची खबरही नव्हती.

"किनवटच्या गाडीतून?"

लुंबिनी हो म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा आवाज बारीक झाला.

"ती माझी गाडी व्हती, बाई."

मग त्यांनी सांगितलं. नात किनवटकडच्या वसतिगृहात शिकते, भेटीचा दिवस रविवार. त्या दिवशी पहाटेपासून भाकऱ्या, तिळाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू करून त्या आल्या होत्या, आणि गाडीला वेळ होता म्हणून बाकावर जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा फलाट रिकामा. पोरगी दिवसभर फाटकापाशी उभी राहिली. तेव्हापासून त्या इथे बसत नाहीत. हे सगळं त्यांनी बिनरागाने सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"तुमी दोगं बी बगून राहिले व्हते मला," त्या म्हणाल्या. "मंग कुणी एकानं हाक कामून मारली न्हाई?"

गुरुजींनी फोन खिशात ठेवला. लुंबिनी खाली बघत म्हणाली, "मावशी, तुमची झोप मोडू नये असं वाटलं."

"झोप काय, घरी बी येती."

इंजिनाचं गुणगुणणं तेवढं चालू होतं. मग लुंबिनीने हे फोटो भिंतीवर लावू का, नको असतील तर नाही लावणार, असं विचारलं. भामाबाईंनी फोटो पुन्हा एकदा हात लांब करून बघितले. दोन्ही लावा, म्हणाल्या, पण खाली लिहा की हिला कुणी उठवलं न्हाई. आणि तसेच ते लागले. गज आणि कुत्र्याच्या कानासकट, शेजारी शेजारी, खाली तेवढंच वाक्य. दामिनीताईंनी ते वाचलं आणि तारखेचा विषय पुन्हा काढला नाही. पण ते नंतर.

त्या सकाळी गाडी यायला थोडा अवकाश होता. सगळ्यांनी मिळून भामाबाईंबरोबर किनवटला जायचं ठरलं. नात बघायची, लुंबिनीच्या माहेरी जेवायचं. मला फार हलकं वाटत होतं. वाटलं, आपणही या कामात काहीतरी नीट करावं. मी कॅमेरा मागून घेतला आणि स्टेशनच्या घड्याळाकडे बघून त्याची तारीख-वेळ बरोबर लावून तो लुंबिनीला परत दिला. मग गुरुजींचा फोन घेतला, त्याला दुबईहून भारतात आणायला. पण फोनात त्यांच्या लेकाने अरबी भाषाही घालून ठेवली होती की काय कोण जाणे, एका चुकीच्या ठिकाणी बोट पडलं आणि सगळी अक्षरं उजवीकडून डावीकडे पळायला लागली. मी त्यात शिरलो. आजूबाजूला धुकं होतं, कुणीतरी "चला, चला" म्हणालं, बांगड्या वाजल्या, चाकांचा आवाज झाला, तो मला फार लांबून, झोपेत ऐकू यावा तसा ऐकू आला. एका यादीत शेजारच्या साडेपाचच्या आकड्यावरून मला चक्क आपलं गाव ओळखू आलं, कोलकाता का होईना, भारतातलंच. मी ते दाबलं. घड्याळ दीड तास पुढे सरकलं. मी विजयाने मान वर केली.

फलाट रिकामा होता. शेवटचा डबा धुक्यात वळत होता आणि एका खिडकीतून कॅमेरा बाहेर आलेला दिसला.

मी बाकावर बसलो. थोड्या वेळाने माझ्या खिशातला फोन वाजला. लुंबिनीचा नंबर होता, पण आवाज भामाबाईंचा.

"बापू, कंच्या डब्यात चढले तुमी?"

मी सांगितलं की मी अजून मुदखेडलाच आहे.

पलीकडे चाकांचा आवाज येत राहिला. मग त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "मंग, तुमाला कुणी उठवलं न्हाई का?"

मी नाही म्हणालो. जागा होतो, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.